आमच्या गावचे पाणी सोडणारे तात्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत आमच्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्याच्या पगाराचा विषय निघाला. तेव्हा मागून कोणीतरी मोठ्याने म्हणाले, "चावी तर फिरवायची हाय, त्याला कशाला पगार वाढवायचा?" काहीजण हसले. ज्यांच्याविषयी हे चालले होते ते दाराशीच उभे होते. खालच्या वाडीची पाळी होती, म्हणून ते काही न बोलता निघून गेले. मला तेव्हा उठून बोलता आले नाही. ते आत राहून गेले आहे, म्हणून आज लिहायला बसले.

मी माण तालुक्यातली निवृत्त आरोग्यसेविका. ३१ वर्षे उपकेंद्रात काढली. लोक अजूनही सिस्टर म्हणूनच हाक मारतात. पाणी सोडणाऱ्या या माणसाला सगळे गाव तात्या म्हणते. ते वयाने माझ्याहून लहान आहेत, तोंडावर मी त्यांना अरे-तुरेच करते. पण या पत्रात अहो-जाहो करणार आहे.

आमचा भाग दुष्काळी. गावाची पाण्याची विहीर ओढ्याच्या कडेला, गावापासून दोन किलोमीटरवर. तिथली मोटर शेतीच्या फीडरवर आहे. थ्री-फेज लाइट एक आठवडा दिवसा असते, एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात तात्या जेवून बॅटरी घेऊन निघतात. लाइट आली की स्टार्टर दाबायचा, एक फेज उडाला तर फ्यूज बघायचा, टाकी भरेपर्यंत तिथेच थांबायचे. पावसाळ्यात त्या वाटेवर घोणस निघते, मी स्वतः पाहिली आहे. पहाटे टाकी भरते आणि मग गावाला जे दिसते ते काम सुरू होते. खांद्यावर लांब दांड्याची चावी घेऊन एकेक वॉल खोलत जायचे. पूर्वी चार वॉल होते. जलजीवन मिशनमध्ये घरोघर नळ झाले, वाड्या जोडल्या, आता अकरा आहेत. १५ ऑगस्ट २०१९ला ही योजना जाहीर झाली, माणशी रोज ५५ लिटर पाणी घरात मिळावे म्हणून. योजना चांगलीच आहे. बायकांच्या डोक्यावरचा हंडा तिने खाली उतरवला, हे मी कधी विसरणार नाही. पण नळ वाढले, पाइप वाढला, वॉल वाढले आणि माणूस तो एकच राहिला.

वॉलचे काम निदान लोकांना दिसते. टीसीएलचे दिसत नाही. टीसीएल म्हणजे पाणी निर्जंतुक करायची ब्लीचिंग पावडर. चांगली, ३३ टक्के क्लोरीनची पावडर असेल तर हजार लिटरला ५ ग्रॅम लागते. आमची टाकी ५०,००० लिटरची, म्हणजे दरवेळी पाव किलो. ही पावडर तशीच टाकीत ओतून चालत नाही. बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, मग बादली भरून ढवळायची, पावडरीतला चुना तळाशी बसू द्यायचा आणि वरची निवळीच तेवढी टाकीत सोडायची. त्यानंतर निदान अर्धा तास थांबून मगच वॉल खोलायचा. घाई केली तर औषध पाण्यात असते, पण त्याने अजून काम केलेले नसते. तात्या भरलेली बादली दोराने वर ओढून घेतात, लोखंडी शिडीवर उभे राहून निवळी ओततात. नाकाला टॉवेल बांधतात तेवढेच. मास्क नाही, रबरी हातमोजे नाहीत. त्यांच्या बोटांची सालपटे निघालेली असतात आणि खोकला तर बारमाही. नोकरीत असताना मी दर महिन्याला ओटी टेस्टची, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायच्या तपासणीची, नोंद घेत होते, पण ते हात नीट बघायला मला निवृत्त व्हावे लागले.

आता एक जुनी गोष्ट. वीसेक वर्षांपूर्वी जुलैत खालच्या वाडीत गॅस्ट्रोची साथ आली. सकाळी चार रुग्ण होते, दिवेलागणीला एकोणीस. शाळेच्या दोन वर्गांत आम्ही सतरंज्या टाकल्या, सलाइनच्या बाटल्या खिडकीच्या गजांना आणि नकाशाच्या खिळ्यांना टांगल्या. प्राथमिक आरोग्य केंद्रातून डॉक्टर आले. मी ओटी टेस्ट केली. काचेच्या नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायचे. क्लोरीन असेल तर पाणी पिवळे होते. टाकीखालच्या नळाचे पाणी पिवळे झाले, वाडीतल्या शेवटच्या नळाचे मात्र जसेच्या तसे राहिले. म्हणजे टाकीत औषध पडले होते आणि वाटेत कुठेतरी घाण पाणी आत येत होते. इथपर्यंत माझे शिक्षण पोचत होते. कुठे, ते सांगणे माझ्या आवाक्याबाहेर होते.

ते तात्यांनी शोधले. तेव्हा ते कामावर नवे होते. त्यांनी रात्री दहाला वॉल खोलला, हातात पहार घेतली आणि पाइपच्या रेषेवर पावलापावलाने पहार टेकवून दांड्याला कान लावत चालले. मी कंदील धरला होता. पाऊस थांबला होता, पण ओढ्याचा आवाज होता, म्हणून ते मध्येच हात वर करून सगळ्यांना गप्प करायचे. गटार ओलांडून पाइप जातो तिथे त्यांनी पहार रोवली आणि म्हणाले, "सिस्टर, हितं." खणले तर प्लास्टिकच्या पाइपला बोटभर लांब चीर. पाणी चालू असताना ते चिरेतून बाहेर उडते, म्हणून बिघडत नाही. वॉल बंद झाला की पाइप रिकामा होतो, आणि रिकामा पाइप त्याच चिरेतून गटार ओढून घेतो. दुसऱ्या दिवशीचे पहिले पाणी ते असते. तात्या मांडीपर्यंत गटारात उभे राहून तो तुकडा कापत होते. पाचटाच्या जाळावर नव्या पाइपचे तोंड मऊ करून जोड बसवला, सोल्यूशन लावले, लाइनमध्ये जास्तीचे औषध सोडले आणि पहाटे सगळ्या तोट्या उघडून ते पाणी वाहून दिले. तीन दिवसांनी नवा रुग्ण यायचा थांबला. कोणी दगावले नाही.

त्या वेळी वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी आली होती. त्यात डॉक्टरांचे आणि माझे नाव होते. ते कात्रण माझ्या वडिलांनी जपून ठेवले, अजून माझ्या ट्रंकेत आहे. त्यात तात्या नाहीत. बातमी आली तेव्हाच मी हे सांगायला हवे होते आणि सांगितले नाही. जानेवारीत ग्रामसभेत लोक हसले, तेव्हा मला ते कात्रण आठवले.

पाण्याला औषधाचा वास येतो, ही आमच्याकडची कायमची तक्रार. "तात्या, आज टाकू नका, घरी कार्यक्रम आहे", "चहा नासतो", "जत्रेला पाहुणे आलेत" असे सांगणारी शिकलेली माणसेही मी ऐकली आहेत. जत्रेत तर गावात दुप्पट माणसे असतात, तेव्हा औषध चुकवून कसे चालेल? वास आला याचा अर्थ पाणी तुमच्या घरापर्यंत राखले गेले. शेवटच्या नळालाही लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहिले पाहिजे, तरच वाटेत काही शिरले तर त्याला तोंड द्यायला पाण्यात काहीतरी असते. पाणी भरून थोडा वेळ उघडे ठेवले की वास कमी होतो. २०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे, म्हणजे हातपाय लुळे पडतात त्या आजाराचे, रुग्ण वाढले आणि दूषित पाण्याविषयी बातम्या येऊ लागल्या. तेव्हा हीच माणसे माझ्याकडे विचारायला आली, "सिस्टर, आपल्या पाण्यात औषध पडतंय ना?" पडत होते. एक दिवस चुकले नव्हते.

दुसरे दुखणे मोटरचे. नळ आला की कित्येक घरांत नळाला मोटर लावून पाणी ओढतात. वरच्या आळीला त्यामुळे करंगळीएवढी धार येते आणि शिव्या तात्यांना बसतात. त्यापेक्षा वाईट म्हणजे, मोटरने ओढले की पाइपमध्ये पोकळी होते आणि जिथे जोड ढिला असेल तिथून गटाराचे पाणी आत येते. गॅस्ट्रोच्या त्या चिरेने जे केले, तेच आपण रोज विजेचे बिल भरून करतो आहोत. तात्यांनी दोन घरांच्या मोटरी दाखवून दिल्या होत्या. त्यावर त्यांनाच दम मिळाला. सहाशे उंबऱ्यांच्या गावात हाताखालच्या माणसाने कोणाकोणाशी वाकडे घ्यावे?

आणि पगार. आमच्याकडे तो पाणीपट्टी जमली की होतो. दिवाळीनंतर सलग तीन महिने झाला नव्हता. पाणीपट्टी का देत नाही विचारले तर लोक म्हणतात, पाणी कमी येते. पाणी का कमी येते, तर एक वॉल गळतो. तो का बदलत नाही, तर पैसे नाहीत. या सगळ्यात सापडतो तो एकच माणूस. त्याला दुष्काळ आवरता येत नाही आणि वसुली त्याचे काम नाही. तरी त्या तीन महिन्यांत एकही दिवस पाणी चुकले नाही. गळक्या वॉलला त्यांनी सायकलची जुनी ट्यूब कापून घट्ट गुंडाळून ठेवली आहे, ती ट्यूबही स्वतःच्या घरची. त्यांच्या मुलीचे लग्न होते त्या दिवशी पहाटे साडेतीनला ते टाकीवर होते. हळदीच्या अंगाने वॉल खोलून आले आणि मग मांडवात गेले. दुसरा माणूस नाही, तर जाणार कोण?

आरोग्य खाते वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, पाण्याच्या सोयींची पाहणी करून ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड देते. विहिरीभोवती घाण आहे का, औषध नियमित पडते का, गळती आहे का, हे पाहून रंग ठरतो. आमच्या गावाला बरीच वर्षे हिरवे कार्ड आहे. ते कार्यालयात काचेत लावले आहे. ज्याच्या हातांमुळे ते मिळाले त्याच्या हातांना मोजे नाहीत, हे मला आता बघवत नाही.

येत्या १ मेच्या ग्रामसभेसाठी मी लेखी अर्ज दिला आहे. तात्यांना मास्क, रबरी हातमोजे आणि गमबूट लगेच द्यावेत. टीसीएलची पोती उघडी राहिली की क्लोरीन उडून जातो आणि तात्यांची मेहनत वाया जाते, म्हणून ती झाकणाच्या पिंपात, कोरड्या खोलीत ठेवावीत. आठवड्यातून एक दिवस त्यांच्या जागी काम करील असा दुसरा माणूस तयार करावा. वसुली किती झाली ते न बघता महिन्याच्या महिन्याला पगार द्यावा. जलजीवनमध्ये पाणी तपासायला गावागावांत पाच-पाच महिलांना शिकवले होते, त्यांच्यातल्या दोघींना मी गाठले आहे. शेवटच्या नळाची ओटी टेस्ट आम्ही तिघी वाटून घेतो, म्हणजे तेवढा फेरा तात्यांचा वाचेल.

आपले वर्तमानपत्र आमच्याकडे सकाळी साडेआठच्या एसटीने येते, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर मोठ्याने वाचले जाते. हे पत्र १ मेच्या आधी छापाल तर उपकार होतील. पेपर वाचला जातो त्याच वेळी तात्या ओट्यासमोरचा वॉल बंद करायला येतात. त्यांच्या कानावर पडेल.

आपली नम्र,
एक निवृत्त आरोग्यसेविका
ता. माण, जि. सातारा
(माझे आणि गावाचे नाव छापू नये, ही विनंती.)