विडी सोडू पाहणाऱ्याला औषधही द्या : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य,
यांस सविनय नमस्कार.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकासाठी आशाताई घरोघर जाऊन एक तपासणी तक्ता भरतात. विडी-सिगारेट ओढता का, तंबाखू-गुटखा खाता का, असा प्रश्न त्यात असतो. उत्तराला गुण पडतात, बेरीज होते. पुढे तपासणीत रक्तदाब वाढलेला निघाला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्या फुकट मिळतात. साखर निघाली तरी मिळतात. विडी ओढणाऱ्याच्या वाट्याला मात्र बहुतेक वेळा "सोडून द्या" एवढाच सल्ला येतो.

मी नाशिक जिल्ह्यात तालुक्याच्या गावी दवाखाना चालवते. "मॅडम, सोडायची आहे, पण सुटत नाही," हे वाक्य मला सतत ऐकायला मिळते. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत धूम्रपान करणाऱ्या ५५.४ टक्के लोकांनी सोडण्याचा विचार असल्याचे सांगितले होते. म्हणजे इच्छा आहे. घोडे अडते ते पहिल्या दोन-तीन आठवड्यांत. तंबाखूतले निकोटिन बंद झाले की चिडचिड होते, झोप उडते, पोट साफ होत नाही, कामात मन लागत नाही. शेतमजूर असो की ट्रकचालक, चार-पाच दिवसांत तो पुन्हा टपरीवर दिसतो आणि घरचे म्हणतात, याच्यात जिद्दच नाही. मला हे ऐकून फार वाईट वाटते. मेंदूला जडलेली तलफ आहे ती, औषधाच्या आधाराने हळूहळू उतरवावी लागते. त्यासाठी निकोटिनचे च्युइंगम आहे, पट्टी आहे, बुप्रोपिऑन आणि व्हॅरेनिक्लिनच्या गोळ्या आहेत. केंद्राच्या २०२२ च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत निकोटिनचा उपचार आला. पण च्युइंगम मेडिकलमधून रोज विकत घ्यायचे तर मजुराला ते विडीच्या बंडलापेक्षा महाग पडते. जिल्हा रुग्णालयातल्या तंबाखूमुक्ती केंद्रात जायचे तर दिवसाची मजुरी बुडते.

आमच्याकडे विडीला पानाची म्हणून सौम्य समजतात. प्रत्यक्षात तेंदूचे पान लवकर विझते, म्हणून झुरके जास्त आणि खोल घ्यावे लागतात. फुप्फुस, तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, स्वादुपिंड, मूत्राशय, इतक्या ठिकाणच्या कर्करोगाशी धूम्रपानाचा संबंध सिद्ध झालेला आहे. क्षयाचा धोकाही वाढतो. आणि साठीच्या माणसाला कुणी "आता सोडून काय उपयोग" म्हणू नये. ब्रिटनमधल्या डॉक्टरांचा १९५१ पासून पन्नास वर्षे मागोवा घेतला गेला. तिशीत सिगारेट सोडणाऱ्यांचे आयुष्य सुमारे १० वर्षांनी वाढले, चाळिशीत ९, पन्नाशीत ६ आणि साठीत सोडणाऱ्यांचेही ३ वर्षांनी. सोडल्यावर दहाएक वर्षांत फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचा धोका जवळपास निम्म्यावर येतो. इतका फायदा देणारे उपचार माझ्या कपाटात फार थोडे आहेत.

मदतीचा १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक पाकिटावर छापलेला असतो. पण टपरीवर सिगारेट सुटी विकली जाते. सुटी घेणाऱ्याला ना इशाऱ्याचे चित्र दिसते, ना तो नंबर. सुट्या विक्रीवर आपल्याच राज्याने सप्टेंबर २०२० मध्ये बंदी घातली आहे. शाळा-कॉलेजांभोवती तरी ती आधी अमलात आणावी.

माझी मुख्य मागणी मात्र औषधाची आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या औषधसाठ्यात निकोटिनचे च्युइंगम ठेवावे आणि ते रक्तदाबाच्या गोळ्यांसारखेच मोफत द्यावे. आठवड्यातून एक दिवस तरी संध्याकाळी, कामावरून परतल्यावर येता येईल अशा वेळी, समुपदेशन व्हावे. सोडणाऱ्याच्या घरी पहिला महिनाभर आशाताईंनी दर आठवड्याला चक्कर मारावी आणि त्या कामाचा वेगळा मोबदला त्यांना मिळावा. त्यांच्यावर फुकटचे ओझे आणखी नको. २०१६-१७ च्या त्याच देशव्यापी पाहणीनुसार राज्यातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करतात. त्यातल्या सोडू इच्छिणाऱ्यांपासून सुरुवात केली तर हा खर्च राज्याला पेलणारा आहे. तंबाखू चघळणारे २४.४ टक्के आहेत, त्यांचे समुपदेशनही त्याच खोलीत होऊ शकेल.

येत्या अर्थसंकल्पात यासाठी स्वतंत्र तरतूद करावी आणि विडीकामगारांची वस्ती मोठी असलेल्या सिन्नर, सोलापूर, गोंदिया या भागांतून सुरुवात करावी, ही कळकळीची विनंती.

आपली,
तालुक्याच्या गावातली एक डॉक्टर