ईराच्या शाळेबद्दल, आई-बाबांस

ती. आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

गोत्रीहून दांडिया बाजारला यायला अर्धा तासही लागत नाही, तरीही पत्र लिहिते आहे, कारण समोरासमोर हा विषय निघाला की बाबा झोपाळ्यावरून उठून आत जातात आणि आई चहाचे आधण ठेवते. म्हणून आधीच सांगून टाकते. ईराचा पहिलीचा प्रवेश मंगळवारी घेतला, पण बाबांनी निवडलेल्या हायवेजवळच्या मोठ्या शाळेत नाही, तर आमच्या सोसायटीमागच्या, चालत दहा मिनिटांवर असलेल्या साध्या शाळेत. बाबा, एफडी मोडण्याचा अर्ज बँकेत दिला असेल, तर तो कृपया परत घ्या.

तुमच्या पैशाला नाही म्हणताना जीव जड झाला, हे खरे. नातीसाठी तुम्ही स्वतःहून काही देऊ केले आणि मी ते परस्पर नाकारले, याची बोच चार दिवस आहे. पण मी ती शाळा आतून पाहून आले. इमारत देखणी आहे आणि वर्गात मुले वीसच आहेत. मात्र व्हॅन सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी येते आणि एका बाजूचा प्रवास तासाभराचा आहे. ईराला आजही सकाळी सातला उठवताना मला तिच्या पायांना गुदगुल्या कराव्या लागतात. ती दुपारी थकून घरी येईल, जेवता जेवता पेंगेल आणि संध्याकाळी कोणापाशी बसून चार ओळी वाचण्याइतकीही तिच्यात ताकद उरणार नाही.

वर्गात वीसच मुले म्हणजे लक्ष चांगले राहील, असे बाबा म्हणाले होते. बाबा, मागे पडलेल्या मुलांना शिकवायला नेमलेली ती बालसखी तुम्हाला आठवते ना? २००१च्या सुमारास ती तुमच्या शाळेत आली, तेव्हा शिक्षणशास्त्राची पदवी नसलेली मुलगी काय शिकवणार, म्हणून तुम्ही महिनाभर कुरकुरत होता. तिसरी-चौथीत मागे पडलेली मुले ती रोज दोन तास वेगळी घेऊन बसायची आणि त्यांना जिथपासून येत नव्हते तिथपासून शिकवायची. बडोदा आणि मुंबईतल्या त्या बालसखी उपक्रमाचा अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला आणि तो २००७ साली प्रसिद्ध झाला. बालसखीकडे बसलेल्या मुलांची प्रगती ठळक होती. पण ती मुले बाहेर गेल्यामुळे ज्यांचा वर्ग लहान झाला, त्या उरलेल्या मुलांना त्याचा काही लाभ दिसला नाही. म्हणजे नुसती डोकी कमी करून भागत नाही. मूल कुठे अडले आहे, हे कोणाला तरी कळावे लागते.

घर मोठे की शाळा, हा तुमचा माझा जुना वाद. अमेरिकेत १९६६ साली समाजशास्त्रज्ञ कोलमन यांच्या अहवालाने दाखवले की मुलांच्या यशातला फरक शाळांच्या साधनसामग्रीपेक्षा घरच्या पार्श्वभूमीशी अधिक जोडलेला असतो. हे अमेरिकेचे झाले, असे तुम्ही लगेच म्हणाल, आणि तुमचे बरोबरच आहे. १९८३ साली हेनमन आणि लॉक्सली या संशोधकांनी अनेक देशांची आकडेवारी ताडून पाहिली, तेव्हा गरीब देशांत शाळेचे आणि शिक्षकाचे वजन जास्त निघाले. ज्या घरात कोणालाच अक्षरओळख नव्हती, तिथल्या मुली तुमच्या हाताखाली दहावीच्या पुढे गेल्या; त्यांच्यासाठी शाळा हेच सर्वस्व होते. ईराचे तसे नाही. तिला तुम्ही दोघे आहात.

आणि मी स्वतः काय शिकले, ते आठवते. शाळा गळकी होती, पण स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून मी धडा मोठ्याने वाचायचे आणि आई पोळ्या लाटायची. आईला इंग्रजी येत नव्हते, पण मी अवघड शब्द गिळून पुढे गेले की तिचे लाटणे थांबायचे. ती काही बोलायची नाही. मी तो शब्द पुन्हा वाचला की लाटणे पुन्हा फिरू लागायचे. माझ्या चौथीच्या वहीवर तिच्या पिठाच्या बोटांचे ठसे अजून आहेत.

नवी शाळाही इंग्रजी माध्यमाचीच आहे, तेव्हा आईने ती काळजी करू नये. डबा घरचाच राहील. पहिलीच्या बाई मुलांना नावाने हाक मारताना मी पाहिले आणि माझे निम्मे मन तिथेच ठरले. माझे ऑफिस सहाला सुटते, त्यामुळे रात्री जेवणानंतरचा अर्धा तास मी ईरासाठी राखला आहे. तेवढा तरी पाळीन. शनिवारी दुपारी तिला तुमच्याकडे आणते. बाबांनी तिच्याकडून पाढे म्हणून घ्यावेत, पण चुकली तर आवाज चढवू नये. माझ्या वेळी चढायचा, हे आता सांगायला हरकत नाही.

एफडी आईच्या गुडघ्यासाठी आहे, हे दिवाळीतच ठरले होते. डॉक्टरांची वेळ मी घेतली आहे आणि यावेळी थंडी, लग्नसराई, पाहुणे अशी कोणतीही सबब चालणार नाही. बाबांनी मोतीबिंदूचे थेंब वेळेवर घालावेत आणि झोपाळ्यावरचा तो मिणमिणता दिवा बदलावा. नवी ट्यूब मी घेऊन येते. माझी जुनी अंकलिपी ईराला द्यायची म्हणून स्टुलावर चढून माळ्यावर हात घालू नका, शनिवारी येऊन मीच काढीन.

तुमची,
छोटी