शिबिरात बोटाला सुई टोचता, तसे मोजेही काढायला लावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१४ नोव्हेंबरचा जागतिक मधुमेह दिन जवळ आला की ठाण्यात तलावपाळी-उपवनच्या कडेला आणि नवी मुंबईत वाशी-नेरूळच्या सोसायट्यांमध्ये साखर तपासणीची शिबिरे लागतात. बोटाला सुई, पट्टीवर थेंब, चिठ्ठीवर आकडा, पुढचा माणूस. ही शिबिरे हवीतच. मधुमेह असल्याचा पत्ता कित्येकांना तिथेच लागतो. पण तो आकडा त्या क्षणाचा असतो. मधुमेहाने वर्षानुवर्षे केलेली पडझड साठते ती कोलॅजनमध्ये, म्हणजे कातडी-सांध्यांना बळकटी देणाऱ्या प्रथिनात, आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींमध्ये. ती बोटाच्या थेंबात दिसत नाही. म्हणून त्या टेबलाशेजारी आणखी एक खुर्ची ठेवा आणि येणाऱ्याला मोजे काढायला सांगून त्याचे पायही तपासा, एवढे मागण्यासाठी हे पत्र.

बासुंदी आटवताना दूध तांबूस होते, कारण दुधातली साखर प्रथिनांना चिकटते. फ्रेंच शास्त्रज्ञ मायार यांनी १९१२ साली वर्णन केलेली ही क्रिया अगदी संथपणे शरीराच्या ३७ अंशांवरही चालू असते. तिला एन्झाइम लागत नाही. साखर जितकी जास्त आणि सहवास जितका लांब, तितकी ती चिकटते. हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर आपण ‘एचबीए१सी’ म्हणून मोजतो. पण तांबडी पेशी सुमारे १२० दिवसांत संपते, त्यामुळे तो हिशेब दोन-तीन महिन्यांत पुसला जातो. (रक्तात लोह कमी असेल तर हा आकडा खोटा वाढलेला दिसतो, हे अनेक महिलांच्या बाबतीत लक्षात घेतले जात नाही.) कोलॅजनचे तसे नाही. शरीरातील जवळजवळ एक तृतीयांश प्रथिने कोलॅजनच आहेत. कातडीतले निम्मे कोलॅजन बदलायला सुमारे १५ वर्षे लागतात, कूर्चेतले तर १०० वर्षांतही निम्मे बदलत नाही. तिथे चिकटलेली साखर हळूहळू रूप बदलते आणि शेजारच्या तंतूंना एकमेकांशी कायमचे टाके घालते. मग तंतू ताठ होतात आणि जुने कोलॅजन काढून टाकणाऱ्या एन्झाइमना दाद देत नाहीत. जखमेत मात्र उलटे घडते. तिथे हीच एन्झाइम गरजेपेक्षा जास्त आणि जास्त दिवस टिकतात, आणि नुकती धरू लागलेली नवी ऊती पुन्हा तोडतात. जे जायला हवे ते जात नाही, जे राहायला हवे ते राहत नाही.

रक्तवाहिन्यांत या ताठरपणाची किंमत मोठी असते. महाधमनी प्रत्येक ठोक्याला फुगून धक्का स्वतः झेलते. ती ताठ झाली की वरचा दाब चढतो आणि खालचा उतरतो. १६०/७० असा आकडा पाहून ‘खालचा तर छान आहे’ असे समाधान मानू नये. दोन्हींतले अंतर ६० च्या पुढे गेले, तर तो धक्का मूत्रपिंड आणि मेंदूच्या बारीक वाहिन्यांना बसत असतो. वाहिनीच्या आतल्या अस्तरातून सुटणारा नायट्रिक ऑक्साइड तिला सैल ठेवतो. साखर चिकटलेली प्रथिने तो मध्येच निष्प्रभ करतात. भिंतीतले बदललेले कोलॅजन कोलेस्टेरॉलचे कण धरून ठेवते. केशवाहिन्यांचे तळाचे पटल जाड होते आणि जाड होऊनही गळते, कारण प्रथिने अडवणारा त्यावरचा ऋण विद्युतभार कमी झालेला असतो. लघवीत अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन दिसते ते यामुळेही.

हे सगळे बाहेरून ओळखता येते का? बऱ्याच अंशी येते, आणि सुरुवात नमस्कारापासून करता येते. कोपरे बाहेर काढून, मनगटे समोर ठेवून दोन्ही तळहात घट्ट जुळवा. करंगळीच्या बाजूने बोटांमध्ये फट राहत असेल, हात टेबलावर सपाट टेकत नसेल, तर कातडी आणि सांध्यांची आवरणे आखडली आहेत. दुखत नाही, म्हणून कोणी बोलत नाही. लोकलमध्ये वरची कडी धरायला खांदा उचलत नाही, ही तक्रार घेऊन माणूस हाडांच्या डॉक्टरकडे जातो. पण गोठलेला खांदा मधुमेहींत इतरांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो, तेव्हा साखर तपासायलाच हवी.

हीच आखडण टाचेमागच्या शिरेत, म्हणजे अकिलीस स्नायुबंधात आली, की घोटा पुरेसा वर वळत नाही. मग प्रत्येक पावलाचा भार चवड्यावर लवकर येतो आणि जास्त वेळ राहतो. तिथे घट्टा पडतो. घट्टा म्हणजे बुटात अडकलेल्या खड्यासारखाच. त्याच्याखाली रक्त साकळते आणि आतून जखम होते. मधुमेहाने नसा बधिर झालेल्या असल्यामुळे ते कळत नाही. रक्तपुरवठा कमी असेल तर ती भरत नाही. मधुमेहींचे पाय कापावे लागतात, त्यांतल्या बहुतेकांची सुरुवात अशाच छोट्या जखमेने होते.

दुसऱ्या खुर्चीवर काय करायचे, ते आता सांगतो. माणशी तीन मिनिटे पुरतात. बोटांच्या बेचक्या, घट्टे, भेगा, नखे पाहा. पावलाच्या वरच्या बाजूला आणि आतल्या घोट्यामागे नाडी लागते का ते बघा. मग १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट, म्हणजे ठरावीक जोराला वाकणारा नायलॉनचा धागा, डोळे मिटायला सांगून अंगठ्याखाली आणि चवड्यावर पहिल्या, तिसऱ्या व पाचव्या बोटांच्या मुळाशी वाकेपर्यंत एक-दोन सेकंद टेकवा. घट्ट्यावर टेकवू नका, तिथे निरोगी माणसालाही कळत नाही. आणि एकाच धाग्यावर दोनशे माणसे तपासू नका. दहाएक जणांनंतर धागा सैल पडतो, १० ग्रॅमचा जोर राहत नाही आणि चांगला पायही बधिर ठरतो. त्याला २४ तास विश्रांती लागते. धागे पुरेसे नसतील तर तर्जनीने दोन्ही पायांच्या पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या बोटांच्या टोकांना हलकेच, न दाबता, स्पर्श करा. सहापैकी दोन किंवा अधिक स्पर्श कळले नाहीत, तर संवेदना कमी झाली आहे.

जिथे डॉपलर, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह टिपणारे यंत्र, आहे, तिथे घोट्याचा आणि दंडाचा वरचा दाब यांचे गुणोत्तर काढतात. ०.९ च्या खाली आले तर वाहिनी अरुंद. पण १.३ च्या वर आले तर निश्चिंत होऊ नये: भिंतीत कॅल्शियम बसून ती इतकी ताठ झाली आहे की दाब मोजण्याच्या पट्ट्याने दबतच नाही. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब मोजावा लागतो.

दुरुस्तीबद्दल स्पष्ट बोलायला हवे. जाहिरातीतली कोलॅजन पावडर आतड्यात पचून अमिनो आम्ले आणि छोटे तुकडे होते. पडलेले टाके ती उसवत नाही. ते उसवणारे औषध आज दुकानात मिळत नाही. नवे टाके पडू न देणे आपल्या हातात आहे. ब्रिटनमधील मधुमेहींच्या ‘यूकेपीडीएस’ या दीर्घकालीन अभ्यासात एचबीए१सी एक टक्क्याने कमी असण्याशी बारीक रक्तवाहिन्यांचे विकार ३७ टक्के कमी असणे जोडलेले आढळले. त्याच्या २००८ च्या पाठपुराव्यात आणखी महत्त्वाचे दिसले: साखर काटेकोर ताब्यात ठेवलेला आणि नेहमीचे उपचार घेणारा, अशा दोन गटांच्या साखरेतला फरक अभ्यास संपल्यावर वर्षभरात मिटला, तरी सुरुवातीला साखर ताब्यात ठेवलेल्यांचा फायदा पुढे दहा वर्षे टिकला. म्हणून चाळिशीतल्या ‘थोडीशीच आहे’ म्हणणाऱ्याची खुर्ची सर्वांत आधी लावा. तंबाखू, मग ती ओढायची असो वा मळायची, त्याच्याकडून सोडवून घ्या.

आयोजकांनी चिठ्ठीच्या मागे एवढे छापावे: घरातही चप्पल, मे महिन्यात मंदिराच्या तापलेल्या फरशीवर जाड सुती मोजे, पावसाळ्यात लोकलमधून उतरून घरी आल्यावर बेचक्या कोरड्या पुसणे, भेगांना मलम, पण बेचक्यांत नाही, घट्ट्याला ब्लेड किंवा औषधाच्या दुकानातली आम्लाची पट्टी लावू नये, पाय गरम पाण्यात शेकू नयेत. जखम, काळेपणा, एकाच पायाची सूज किंवा ऊब दिसली, तर दुखत नसले तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, आणि तोवर त्या पायावर भार देऊ नये.

आपले,
मधुमेही पावलांच्या तपासणीचे काम करणारे डॉक्टर व फिजिओथेरपिस्ट,
ठाणे आणि नवी मुंबई