परत आलेले डबे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लातुरात माझी मेस आहे. अकरावी-बारावीची आणि नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी रिपीट करणारी लेकरं माझ्याकडे जेवतात, बरीचशी डबा नेतात. या कामाला १६ वर्षं झाली. किती डबे गेले आणि किती तसेच भरलेले परत आले, हे मी रोज वहीत लिहिते, कारण उद्या कणीक किती मळायची ते त्यावर ठरतं. ही वही चाळताना जे लक्षात आलं, ते पालकांपर्यंत पोचावं म्हणून हे पत्र.

रविवारी क्लासची टेस्ट असते. सोमवारी संध्याकाळी मार्क येतात आणि बऱ्याचदा मुलाच्या आधी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतात. सोमवारी रात्री डबे परत येतात. भाजी कोणतीही असो, भाकरी किती का गरम असेना. सुरुवातीला वाटायचं, माझ्याच हातून मीठ-तिखट चुकलं असेल. पण बुधवारी तीच पोरं सकाळच्या नाश्त्याला सुशीला, म्हणजे फोडणीचे भिजवलेले मुरमुरे, दोनदा मागून घेतात. म्हणजे स्वयंपाकाचा यात काही संबंध नव्हता.

विचारलं की उत्तर ठरलेलं, "काकू, पोटात मळमळतंय." कुणाचं डोकं दुखतं, कुणाला जुलाब होतात, कुणाची छाती धडधडते. मी कित्येकांना आमच्या भागातल्या डॉक्टरांकडे घेऊन गेले आहे. सोनोग्राफी चांगली, रक्त चांगलं. रिपोर्ट चांगला आला की घरून फोन येतो, "बघा, काही झालेलं नाही, अभ्यास टाळायची नाटकं आहेत." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता ते ऐकवत नाही. पोट खरंच दुखत असतं.

डॉक्टरांनी मला जे समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. मेंदूला धोका जाणवला की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना निरोप जातो. आधी अ‍ॅड्रिनलिन सुटतं, मागोमाग कॉर्टिसॉल. काळीज जोरात धावतं, रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळतं, पोटाचं काम मागे पडतं. शेतात बैल अंगावर धावून आला तर हीच व्यवस्था जीव वाचवते. पेपरच्या दिवशी थोडी धाकधूक वाटते तीसुद्धा कामाचीच, त्याने माणूस जागा राहतो. पण बैल निघून जातो आणि अंग निवतं. टेस्ट मात्र दर रविवारी येते, आणि मधल्या सहा दिवसांत अभ्यासिकेच्या भिंतीवर रँकची यादी असते. अंग निवायला सवडच मिळत नाही.

मग हळूहळू बाकीचं सुरू होतं. झोप तुटते. सर्दी-खोकला हटत नाही. मुलींची पाळी दोन-दोन महिने पुढे जाते, कारण पाळीची सूत्रं हलवणारा मेंदूचा भाग आणि ताणाचा निरोप पाठवणारा भाग एकच आहे. डिसेंबरच्या ताणाने फेब्रुवारीत केस गळतात. गळणं दोन-तीन महिन्यांनी दिसत असल्यामुळे पोरी शाम्पू बदलत बसतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आठवणीत गोष्टी साठवणारा जो मेंदूचा भाग, त्यालाच हे कॉर्टिसॉल फार दिवस सोसत नाही. पाठ केलेलं आठवेनासं होतं. लेकरू घाबरतं, आणखी एक तास जागतं, दुसऱ्या दिवशी आणखी कमी आठवतं. मी हे चक्र जेवणाच्या टेबलाशी उभी राहून पाहिलं आहे. वही पुढ्यात, घास हातात, आणि डोळे कुठेच नाहीत.

मागच्या वर्षी नीटच्या चार दिवस आधी एक मुलगा जेवता जेवता उठून उभा राहिला. श्वास भराभर, ओठांभोवती मुंग्या, दोन्ही हातांची बोटं आत वळून ताठ. सोबतचे म्हणाले, फिट आली. एकजण चप्पल हुंगवायला धावला. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं, मग त्याच्या समोर बसून त्याला आपल्याबरोबर सावकाश श्वास सोडायला लावला. थोड्या वेळात बोटं सैल झाली. घाबरून फार जोरात श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळे रक्तात मोकळं असलेलं कॅल्शियम तेवढ्यापुरतं घटतं आणि बोटं अशी वळतात. मी त्याच्या वडिलांना फोन लावला. ते वैतागून म्हणाले, "परीक्षा जवळ आली की त्याला असंच काहीतरी होतं." त्यांनी रागात म्हटलं, पण निदान अगदी तेच होतं.

एक सावधगिरीही सांगते, कारण याच्या उलट चूकही माझ्या डोळ्यांसमोर झाली आहे. एक मुलगी जिना चढताना धापा टाकायची, वर्गात डुलक्या घ्यायची. मीही म्हटलं, टेन्शन असेल. हिमोग्लोबिन तपासलं तर सात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या शंभरातल्या ५९ मुलींना रक्तक्षय आढळला होता. म्हणून आधी तपासणी करावी, आणि तपासणीत काही निघालं नाही तर "काही झालेलं नाही" असं म्हणू नये.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहिते आहे ते. आमच्या भागातले पुष्कळ पालक माझ्या वयाचे आहेत आणि त्यांचं एक म्हणणं असतं, "आम्ही किल्लारीचा भूकंप पाहिला, पत्र्याच्या शेडमध्ये राहून शिकलो, यांना सगळं आयतं, यांना कसलं आलंय टेन्शन?" ३० सप्टेंबर १९९३ ला मी १४ वर्षांची होते. औसा तालुक्यातलं आमचं गाव. विसर्जनाची रात्र, पहाटेचे चार वाजायला आलेले. आमचं घर पडलं, घरातली माणसं वाचली. त्या पहाटे जवळपास दहा हजार माणसं गेली. त्यानंतर किती महिने गावातलं कुणी छताखाली झोपायला तयार नव्हतं. रस्त्याने ट्रक गेला की मी अंथरुणातून उठून पळायचे. माझी पाळी पाच महिने आली नाही. आईला ते दिसत होतं, तिने कुणाला सांगितलं नाही. पुस्तक उघडलं की ओळी पुसल्यासारख्या व्हायच्या. तेव्हा मला कुणी नाटकी म्हटलं नाही, कारण सगळ्या गावाचं तेच चाललं होतं. सगळे एकत्र बाहेर झोपत होते, रात्री एकमेकांना हाका मारत होते. आजचं लेकरू हे सगळं दहा बाय दहाच्या खोलीत एकटं सोसतं. भूकंप पाहिलेल्या आम्हा माणसांना तर ही भाषा आधी कळायला हवी.

झोपेबद्दल शासनाकडे एक मागणी आहे. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने घेतला, झोप पुरी होत नाही म्हणून. निर्णय चांगलाच आहे. पण वयात येताना झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा सुटू लागतं, हा शरीरधर्म चौथीतल्या मुलाचा नाही, या मोठ्या मुलांचा आहे. त्यांना आठ ते दहा तास झोप लागते. माझ्याकडे पहाटे साडेपाचला चहा मागणारी पोरं रात्री साडेबाराला अभ्यासिकेतून परतलेली असतात. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात २०२२ पासून मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी भरवायला कायद्यानेच मनाई आहे. आपल्याकडे निदान क्लासची पहिली बॅच सात ऐवजी साडेआठला सुरू करून पाहायला काय हरकत आहे? मीही नाश्ता त्या वेळेनुसार करीन.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्थांसाठी आणि क्लाससाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा. मार्कांवरून वेगळ्या बॅच पाडणं, चारचौघांत अपमान करणं शक्यतो टाळावं. माझ्याकडच्या मुलांना मी विचारलं, तुमच्याकडे असं कुणी आहे का? एकाने सांगितलं, आहेत, पण त्यांची खोली ऑफिसच्या काचेसमोर आहे, आत कोण गेलं ते सगळ्यांना दिसतं. मग कोण जाईल? नेमणुकीबरोबर दाराची दिशाही पाहायला हवी.

आकडे मलाही ठाऊक आहेत. २०२४ ची नीट २३ लाखांहून जास्त मुलांनी दिली आणि एमबीबीएसच्या जागा लाखाहून थोड्याच अधिक होत्या. पालकांची काळजी खोटी नाही. कुणी जमीन गहाण ठेवून फी भरली आहे, ते मला कळतं आणि लेकरांनाही कळतं. तेच तर त्यांच्या पोटात रुतून बसलेलं असतं. म्हणून पालकांना माझी हात जोडून विनंती आहे, सोमवारी रात्री फोन करताना मार्क विचारू नका. ते तुम्हाला आधीच कळलेले असतात. जेवलास का विचारा, आज गाय व्यायली ते सांगा, आजीला फोन द्या. माझ्याकडे एका मुलीची आजी रोज नऊला फोन करून फक्त गावातल्या गोष्टी सांगायची. त्या मुलीचा डबा वर्षभरात क्वचितच परत आला.

आणि एक विनंती आपल्याला. निकालाच्या दिवशी आपल्या अंकात यशस्वी मुलांच्या फोटोंच्या पानभर जाहिराती असतात. त्याच पानाच्या तळाशी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक ठळक अक्षरांत छापाल का? तो मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. मी तो डब्यांच्या झाकणांवर चिकटवला आहे. धुताना कागद निघतो, दर आठवड्याला नवा लावते. झाकणं माझी सव्वाशे आहेत, आपला अंक घरोघरी जातो.

माझं नाव छापू नये. मेस ओळखली गेली तर लेकरं ओळखली जातील.

आपली,
एक मेसचालक वाचक, लातूर