डग फ्लूटी, मुलाचं नाव पाटीवर लावलंत म्हणून

प्रिय डग फ्लूटी यांना,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी मराठीत लिहिते आहे. कोणीतरी ते इंग्रजीत करून तुमच्यापर्यंत पोचवेल, पण त्याआधी ते माझ्या माणसांनी वाचावं अशी माझी इच्छा आहे. त्यांच्यातल्या काहींना त्याची तुमच्यापेक्षा जास्त गरज आहे.

मी अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅमला राहते, तुमच्या नेटिक गावाच्या अगदी शेजारी. मॉलजवळच्या फ्लूटी पास या रस्त्यावरून वर्षानुवर्षं गाडी नेली, पण हे नाव कोणाचं ते विचारायचं कधी सुचलं नाही. अमेरिकन फुटबॉल आमच्या घरात कोणी बघत नाही. आमच्या घरात क्रिकेट चालतं.

म्हणून आधी आमच्या लोकांसाठी थोडं सांगते. तुम्ही या खेळातले क्वार्टरबॅक. क्वार्टरबॅक म्हणजे डाव चालवणारा गडी. चेंडू त्याच्या हातात येतो आणि समोरचे धिप्पाड खेळाडू अंगावर येण्याआधी तो कोणाकडे फेकायचा हे त्याला ठरवावं लागतं. त्यामुळे तो उंचच हवा, समोरच्यांच्या डोक्यावरून त्याला दिसायला हवं, असं सगळे धरून चालतात. तुमची उंची पाच फूट दहा इंच. बॉस्टन कॉलेजकडून खेळताना २३ नोव्हेंबर १९८४ला मायामीत तुमचा संघ ४५-४१ असा मागे होता आणि घड्याळात सहा सेकंद उरले होते. तुम्ही मागे पळत जाऊन साठ यार्डांहून लांब चेंडू फेकलात आणि जेरार्ड फेलनने तो शेवटच्या रेषेपलीकडे झेलला. ४७-४५. एवढ्याशा माणसाचा चेंडू इतक्या लांब येणार नाही असं वाटून मायामीच्या खेळाडूंनी फेलनला मागे जाऊ दिलं, असं आजही सांगतात. त्याच वर्षी कॉलेज फुटबॉलमधली सर्वात मानाची हाइजमन ट्रॉफी तुम्हाला मिळाली.

तरी एनएफएलने, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगने, तुम्हाला धड उभं राहू दिलं नाही. १९९०मध्ये तुम्ही कॅनडात गेलात. तिथल्या आठ हंगामांत सहा वेळा सर्वोत्तम खेळाडू ठरलात, तीनदा तिथलं विजेतेपद, ग्रे कप, जिंकलंत. पस्तिशीत एनएफएलच्या बफेलो बिल्स संघाने परत बोलावलं. पुढच्याच हंगामात तुम्ही संघाला प्लेऑफपर्यंत, म्हणजे बाद फेरीपर्यंत, नेलंत आणि ऐन सामन्याला तुम्हाला बाकावर बसवून दुसऱ्याला खेळवलं. संघ हरला. हे वाचताना मला राग आला, आणि तो राग फुटबॉलचा नव्हता हे मला माहीत आहे.

तुमचा मुलगा डगी तीन वर्षांचा होईपर्यंत इतर मुलांसारखाच वाढत होता. मग त्याचे शब्द एकेक करून गेले. माझ्या मुलाचंही तसंच झालं. "आई", "चिऊ", "गाडी", "नको" हे सगळं तो म्हणायचा. "नको" सर्वात शेवटी गेला. ज्या डॉक्टरांकडे आम्ही आधी गेलो त्यांनी फाइलमधून मान वर न करता सांगितलं, मुलगे उशिरा बोलतात, तुम्ही काळजी फार करता. बोलत होता आणि आता बोलत नाही, हे मी पुन्हा पुन्हा सांगत होते. ते त्यांनी ऐकलंच नाही. वर्ष गेलं, आणि ते वर्ष फार मोलाचं होतं. घरच्यांनी तर कमालच केली. टीव्ही दाखवता म्हणून झालं. दोन भाषा कानावर पडतात म्हणून झालं. कोणाच्या तरी लग्नाच्या आदल्या रात्री फोन आला, "त्याला आणू नकोस गं, मुलीकडचे काय म्हणतील." फोन करणारी बाई वाईट नाही. तिने माझी बाळंतपणात सेवा केली आहे. म्हणूनच ते जास्त लागलं.

आणि तुम्ही काय केलंत? १९९८मध्ये तुम्ही आणि तुमच्या पत्नी लॉरी यांनी ऑटिझमसाठी, म्हणजे स्वमग्नतेसाठी, फाउंडेशन काढलं, त्याच वर्षी बफेलोत सगळीकडे तुमचा जयजयकार चालू होता. तुमचं नाव एकट्याने पुरेसं होतं. नुसतं "फ्लूटी फाउंडेशन" म्हटलं असतं तरी पैसा आला असता. तुम्ही पाटीवर लिहिलंत "डग फ्लूटी ज्युनियर". मुलाचं नाव, आणि त्याच ओळीत ऑटिझम हा शब्द. सगळ्यांना दिसेल असं.

ही गोष्ट बघायला गेलं तर दोन शब्दांची आहे. फाउंडेशनने पुढे किती संस्थांना अनुदानं दिली, कोणत्या शाळा, कोणते उपक्रम उभे राहिले, ते सगळं मोठंच आहे. पण माझ्यासाठी त्या पाटीइतकं काहीच मोठं नाही. माझ्या मुलाला ऑटिझम असल्याचं निदान झालं त्या रात्री फोनवर काहीबाही शोधताना ती मला दिसली. एक बाप, अख्ख्या देशाला ठाऊक असलेला, आपल्या न बोलणाऱ्या मुलाचं नाव स्वतःच्या नावाला लावून पुढे ठेवतो, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मी नवऱ्याला उठवून दाखवलं. तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसला.

मग फ्लूटी फ्लेक्सची गोष्ट कळली. तुमच्या नावाचे मक्याचे गोड फ्लेक्स बफेलोत विकले जायचे आणि त्यातला पैसा ऑटिझमच्या कामाला जायचा. १९९९च्या जानेवारीत एनएफएलमधल्या मायामी डॉल्फिन्स संघाने तुम्हाला हरवलं आणि ड्रेसिंग रूममध्ये ते फ्लेक्स जमिनीवर ओतून पायाखाली तुडवले. तुम्ही दुखावलात आणि तसं उघड बोललात. त्यांच्या प्रशिक्षकांनी माफी मागितली. खेळातली थट्टा म्हणून तुम्ही ते सोडून देऊ शकला असतात. सोडलं नाहीत, कारण त्या खोक्यामागे डगी होता. आमच्यासारख्या आईबापांना रोज कोणी ना कोणी सांगत असतं, मनावर घेऊ नका, लोक सहज बोलतात. तुम्ही मनावर घेतलंत, याचे वेगळे आभार.

आता हे पत्र आजच का, ते सांगते. तुमच्या फाउंडेशनच्या मदतीवर चालणाऱ्या एका उपक्रमातून माझ्या मुलाला बोलणारा टॅबलेट मिळाला. बटण दाबलं की शब्द ऐकू येतो. "पाणी" हा शब्द माझ्या सासूबाईंच्या आवाजात आहे, नाशिकहून रेकॉर्ड करून पाठवलेला. परवा त्याने तो दाबला. मी पेला दिला. त्याने पेला ओट्यावर ठेवला आणि पुन्हा दाबला, माझ्याकडे बघत. मी उठले. पुन्हा दाबला. त्याला तहान लागलेली नव्हती. आपण काही म्हटलं की आई उठते, हे त्याला नव्याने कळलं होतं, आणि तो ते पुन्हा पुन्हा करून बघत होता. मी प्रत्येक वेळी उठले.

चांगुलपणाला फार काही लागत नाही असं म्हणतात. मला ते पटत नाही. लाज बाजूला ठेवावी लागते, आणि ती ठेवणं फार थोड्यांना जमतं. पैसा देणारे पुष्कळ भेटले. शेजारी उभं राहून "हा आमचा" म्हणणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

या पत्रात त्याचं नाव लिहावं अशी माझी फार इच्छा होती. मी त्याला विचारलं. त्याने "नाही" दाबलं. म्हणून लिहिलेलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा विचारीन.

नेटिकमध्ये तुमची पाच किलोमीटरची दौड असते, तिला या वेळी आम्ही तिघं येणार आहोत. आम्ही चालणार, आणि बहुतेक सगळ्यात शेवटी पोचू. लॉरी यांना नमस्कार सांगा, आणि डगीला माझ्या मुलाकडून.

आपली,
फ्रेमिंगहॅमची एक आई