चिनूचे 76

एडिसन, न्यू जर्सी
रविवार, 12 ऑक्टोबर 2025

प्रिय मंजू,

परवा चिनूला टेक्ससच्या शाळेत दहावीच्या केमिस्ट्रीत 76 पडले म्हणून तू फोनवर रडलीस आणि मी "अगं, होईल सगळं नीट" असं गुळमुळीत काहीतरी बोलून फोन ठेवला. दोन दिवस त्याची रुखरुख लागून राहिलीय. फोनवर मला धड सुचत नाही, त्यात तुझ्या मागे कुकर शिट्ट्या मारत होता. आज दुपार मोकळी आहे. चकल्यांची उकड झाकून ठेवलीय, ती निवेपर्यंत म्हणून बसलेय, पण पत्र लांबणार. चहा करून घे.

आधी त्या 76 चं बघू. शाळेच्या मार्कांच्या पोर्टलचा फोटो पाठवलास तो मी दोनदा पाहिला. पहिल्यांदा मावशी म्हणून, मग बाई म्हणून. केमिस्ट्रीत दोन मेजर ग्रेड (मोठ्या कामांचे मार्क) आहेत, 84 आणि 88. त्यांना 60 टक्के वजन. मायनर (क्विझ, लॅब असली छोटी कामं) सहा: 90, 86, 95, 95 आणि दोन शून्यं. त्यांना 40 टक्के. मायनरची सरासरी येते 61. म्हणून एकूण 76. आता ती दोन शून्यं झाकून बघ. मायनर होतं साडेएक्याण्णव आणि एकूण 88 च्या वर. तुझ्या पोराला केमिस्ट्री येत नाही हे तू कुठून काढलंस?

ती शून्यं कशाची, ते मी त्याला मेसेज करून विचारलं. (तुला न विचारता. रागावू नकोस.) दोन्ही लॅब रिपोर्ट आहेत, दोन्ही पूर्ण लिहिलेत, आणि दोन्ही त्याच्या दप्तरात आहेत! अपलोड करून 'सबमिट' दाबायचं असतं हे त्याला कळलं नव्हतं असं नाही. तो वाट बघत होता. बाई मागतील, मॉनिटर वह्या गोळा करेल, मग देऊ. नववीपर्यंत पुण्यात हेच पाहिलंय त्याने. इथे कोणी मागत नाही. तारीख उलटली की रकान्यात शून्य पडतं आणि वर्ग पुढे जातो. उद्या त्याने स्वतः सरांना भेटावं, रिपोर्ट दाखवावेत आणि उशिरा घ्याल का म्हणून विचारावं. बरेच शिक्षक मार्क कापून घेतात. समज, दोन्हीला 70 जरी दिले तरी तो 85 वर जातो. हिशोब करून बघ, तुझं गणित माझ्यापेक्षा चांगलं होतं.

आणि क्रॉस-कंट्रीतून, म्हणजे धावण्याच्या संघातून, काढतील ही भीती मनातून काढून टाक. टेक्ससमध्ये 1984 पासून 'नो पास, नो प्ले', म्हणजे नापासाला खेळबंदी, आहे खरं, पण ती रेघ 70 ची आहे.

मंजू, आपण हुजूरपागेत दहावीला होतो ते वर्ष आठव. घरात केबल बंद, अपेक्षित प्रश्नसंच, आत्याने आणलेला अंगारा, मार्चमध्ये परीक्षा आणि जूनमध्ये निकाल. वर्षभर काय केलं याची कोणी चौकशी केली नाही. फेब्रुवारीत जागून मी भूगोल उरकला होता, तुला ठाऊक आहे. तुझ्या डोक्यात दहावी म्हणजे तेच आहे, आणि इथे तो मार्च काही तुला सापडत नाहीये. सापडणारही नाही. इथली दहावी ऑगस्टपासूनच सुरू असते, रोज थोडी थोडी. मंगळवारची क्विझ, गुरुवारचा लॅब, न दाबलेलं बटण, सगळं ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे शाळेच्या गुणपत्रकावर, झिरपतं आणि दोन वर्षांनी कॉलेजवाले तेच वाचतात. 'बेस्ट ऑफ फाइव्ह' वगैरे लाड नाहीत.

इथे दहावीच्या मुलांना सोफोमोर म्हणतात. लोक सांगतात की ग्रीकमधल्या 'शहाणा' आणि 'मूर्ख' या दोन शब्दांचं ते कडबोळं. भाषेचे अभ्यासक ही व्युत्पत्ती मानत नाहीत, पण मला ती फार आवडते, कारण आपल्याकडे तयार शब्द आहे: दीडशहाणा. अठरा वर्षं मी इथल्या सरकारी हायस्कुलात गणित शिकवतेय, त्यातली बहुतेक याच दीडशहाण्यांना जॉमेट्री. नववीचं पोर घाबरलेलं असतं, अकरावीचं कॉलेजच्या धास्तीने पळत असतं, दहावीचं मात्र निवांत. इमारत पाठ झालेली, मित्र जमलेले, आणि कॉलेज म्हणजे पुढच्या जन्मीची गोष्ट. मार्क घसरतात ते याच निवांतपणात. चिनूचं तर डबल आहे, कारण त्याला इमारतही नवी आहे.

तुमच्या टेक्ससमध्ये या झिरपण्याला आणखी धार आहे. 1997 च्या कायद्याने तिथे वर्गातल्या वरच्या 10 टक्के मुलांना सरकारी विद्यापीठांत आपोआप प्रवेश मिळतो. ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठात मात्र इतकी गर्दी झाली की त्यांना ही रेघ वर वर न्यावी लागली. बरीच वर्षं 6 टक्के होती, 2026 च्या प्रवेशापासून 5. शिवाय प्रवेश मिळाला म्हणजे कॉम्प्युटर सायन्स किंवा इंजिनिअरिंग मिळालं असं नाही, ते वेगळं ठरतं. म्हणून तिथली मुलं आवडीपेक्षा वजन बघून विषय घेतात. एपी (शाळेतच कॉलेजच्या पातळीचा विषय) घेतला की जीपीए, म्हणजे मार्कांची सरासरी, फुगतो, मग घ्या चार एपी. मला हे अजिबात पटत नाही, पण नियम त्यांचे आहेत आणि तुला माहीत असलेले बरे. काउन्सेलरची वेळ घेऊन दोन गोष्टी विचारून या: पुण्याच्या नववीचे किती क्रेडिट धरले, आणि ते मार्क रँकमध्ये मोजतात का. एंडोर्समेंटसकट (निवडलेल्या शाखेच्या शिक्क्यासकट) हायस्कूलचा डिप्लोमा मिळायला 26 क्रेडिट लागतात, तेव्हा एखादा विषय राहून गेल्याचं बारावीत कळायला नको. भेटीला चिनूला ने, आणि बोलू दे त्यालाच.

हा शेवटचा मुद्दा मी इतका धरून का बसते, तर माझ्या हातून झालेलं आहे म्हणून. आमचा लेक दहावीला होता तेव्हा मी रोज रात्री पोर्टल उघडायचे. केमिस्ट्रीत 'सी' दिसला की त्याच्या बाईंना मीच ईमेल. मी स्वतः शिक्षिका, त्यामुळे ईमेल छान व्हायची, नम्र, मुद्देसूद. उत्तरं यायची, मार्क सुधारायचे. शनिवारी एसएटीचा, म्हणजे कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेचा, क्लास, रविवारी पोहणं, मध्ये तीन एपी. वर्ष उत्तम गेलं असं मला वाटलं. तो कॉलेजात गेला आणि पहिल्याच सेमिस्टरला कॅल्क्युलसमध्ये नापास झाला. प्राध्यापकाच्या ऑफिस अवर्सना, म्हणजे शंका विचारायच्या वेळेला, एकदाही गेला नव्हता. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "आई, त्यांच्याशी काय बोलतात ते मला माहीत नाही." मी स्वयंपाकघरात उभी होते, हातात पोळीचं लाटणं. ती पोळी जळली. पुढे त्याचं मार्गी लागलं. एक वर्ष काउंटी कॉलेजात काढलं, मग रटगर्सला, इथल्या सरकारी विद्यापीठात, गेला. पण ते वाक्य अजून कानात आहे.

शिफारसपत्रांचंही तेच. दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात मी पंधरा-वीस लिहिते. सहसा अकरावीच्या शिक्षकांकडून मागतात, पण शिक्षकांशी बोलायची सवय दहावीत लागते. ज्याला 98 होते पण ज्याचा आवाज मी वर्षभर ऐकला नाही, त्याच्याबद्दल काय लिहू? आणि मागे एकाने 72 वरून सुरुवात केली होती. दर बुधवारी शाळा सुटल्यावर एकच शंका घेऊन यायचा, पेन्सिलीने वहीत नंबर घातलेली. त्याच्यावर मी दीड पान लिहिलं, तरी हात थांबेना.

आता एक नाजूक गोष्ट. पुण्यात आपण उत्तर पुस्तकातलं शब्दशः लिहिलं की बाई खूश. 'व्याख्या जशीच्या तशी लिहा.' इथे तीच चोरी समजतात. दोन वर्षांपूर्वी भारतातून नुकतीच आलेली एक मुलगी माझ्या वर्गात होती. इतिहासाच्या निबंधात तिने दोन परिच्छेद वेबसाइटवरून सुवाच्य अक्षरात उतरवून काढले. शून्य मिळालं आणि आईला बोलावलं. ती माउली म्हणत होती, "पण मॅडम, तिने बरोबरच लिहिलं आहे ना!" खरंच बरोबर होतं. म्हणून चिनूला आत्ताच सांग, दुसऱ्याचं वाक्य घेतलं की अवतरणचिन्ह आणि कुठून घेतलं ते लिहायचं. एआयचा नियम दर शिक्षकाचा वेगळा असतो, तो तोंडी विचारून घ्यायचा. इंग्लिश टूला, म्हणजे दहावीच्या इंग्रजीला, जास्त वेळ द्यावा लागेल त्याला. इंग्रजी माध्यमातून आला म्हणून तू निर्धास्त आहेस, पण इथे धड्याखालचे प्रश्न नसतात. अख्खं पुस्तक वाचायचं, त्यावर आपलं एक मत मांडायचं आणि ते मजकुरातून सिद्ध करायचं. पोरांना मत मांडायला भीती वाटते, चुकेल म्हणून. जेवताना त्याला मत विचारत जा आणि खोडू नकोस. हे तुला जड जाईल, मला माहीत आहे.

गणितात उलटंच होतं. तोंडी हिशोबात तो वर्गाच्या पुढे असणार, आणि मार्क जाणार पायऱ्या न लिहिल्यामुळे आणि कॅल्क्युलेटरमुळे. आपल्याकडे एसएससीला कॅल्क्युलेटर हातात धरू देत नाहीत, इथे आलेख काढणारा टीआय-84 सगळ्यांच्या दप्तरात. एसएटीच्या स्क्रीनवर तर डेस्मॉस नावाचा कॅल्क्युलेटर आतच बसवलेला असतो.

एसएटीवर आलोच आहोत तर, तुझ्या शेजारणीने सांगितलेला क्लास लावू नकोस. या महिन्यात शाळेत तो पीएसएटी, म्हणजे एसएटीची रंगीत तालीम, देईल, ती फक्त नेट प्रॅक्टिस. नॅशनल मेरिट शिष्यवृत्तीला अकरावीतलाच स्कोअर धरतात. खरी एसएटी आता दोन तास चौदा मिनिटांची, 98 प्रश्न, सगळी संगणकावर. सरावासाठी ब्लूबुक ॲप आणि खान अकॅडमी, दोन्ही फुकट. पुढच्या उन्हाळ्यात सुरू केलं तरी चालेल. एमआयटी, हार्वर्ड, येल यांनी टेस्ट परत मागायला सुरुवात केलीय आणि कॅलिफोर्नियाची सरकारी विद्यापीठं स्कोअर बघतच नाहीत, असा तो सावळा गोंधळ आहे. आत्ता त्यात पडू नकोस.

जानेवारी-फेब्रुवारीत पुढच्या वर्षाचे विषय निवडायचा फॉर्म येईल, तो मात्र महत्त्वाचा. अकरावीला ज्या विषयाचं तो आपणहून वाचतो, त्याचा एपी घेऊ दे. एक, फार तर दोन. बाकी त्याला झोपू दे. या वयाला आठ ते दहा तास लागतात. साडेबाराला मोबाइलवर आणि सकाळी सहाला बसस्टॉपवर, अशा मुलांना मी पहिल्या तासाला त्रिकोण शिकवते. डोळे उघडे असतात, बाकी सगळं बंद.

व्हिसाचं तू विचारलंस ते शेवटाकडे ठेवलं होतं, कारण त्यात गोड काही नाही. तो एच-4 वर, म्हणजे आईबापांच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, आहे, म्हणजे मित्रांसारखी आइस्क्रीमच्या दुकानातली नोकरी त्याला करता येणार नाही. फाफ्साची, म्हणजे कॉलेजच्या फीसाठी अर्ज करून मिळणारी, सरकारी मदत मिळणार नाही. 21 पूर्ण झाले की तुमच्या व्हिसावर राहता येणार नाही. त्याच्यापासून हे लपवू नका, पंधरा वर्षांचा आहे, त्याला कळतं. खर्चाचा आकडा नवरा-बायकोने याच दिवाळीत बसून मांडा, ऑस्टिनचा वेगळा, जवळच्या कम्युनिटी कॉलेजचा वेगळा. पगार नसला तरी स्वयंसेवक म्हणून काम करता येतं. कॉमन ॲपवर (बऱ्याच कॉलेजांना चालणारा एकच अर्ज) उपक्रमांच्या दहा ओळी असतात, प्रत्येकीला 150 अक्षरं. दहाही भरायच्या म्हणून दहा क्लब धरू नकोस. त्याला धावायला आवडतं ना, मग धावू दे, आणि लायब्ररीत लहान मुलांना गणित शिकवायला जाऊ दे. तीन वर्षं टिकलं तर पुष्कळ.

उकड निवली असेल आता. पोर्टल तू आठवड्यातून एकदाच बघ, रविवारी, चिनूला शेजारी बसवून. जमेल? मला जमलं नव्हतं.

फराळाचा डबा मंगळवारी टाकते, चकल्या मोडल्या तर चुरा दह्याबरोबर खा. आणि शनिवारी सकाळी दहाला, म्हणजे तुमच्या नऊला, चिनूला कॅल्क्युलेटर घेऊन व्हिडिओवर बसव. तू त्या वेळी भाजी आणायला जा.

तुझी,
शुभा