ड्रेस्डेनहून इंदूरला, लेंटच्या (ईस्टरपूर्वीच्या उपासाच्या) दिवसांत

ती. बाबा आणि आई यांस,
प्रभूच्या नावाने सलाम.

मी खुशाल आहे आणि उपासाने वाळलेली नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण फोनवरचा आईचा सूर मला ओळखता येतो. मांस आणि गोड सोडले आहे, जेवण सोडलेले नाही. शिवाय रविवार उपासात धरतच नाहीत, म्हणून तर लेंटच्या पहिल्या दिवसापासून, म्हणजे राखेच्या बुधवारपासून, ईस्टरपर्यंत ४६ दिवस भरत असूनही आपण ४० म्हणतो. ड्यूटीचे आणि थंडीचे तुम्हाला ठाऊकच आहे.

एक गोष्ट मात्र सविस्तर लिहिली पाहिजे. इकडे काही चर्चमध्ये लेंट लागला की वेदीपुढे मोठा कापडी पडदा टांगतात. जुन्या काळी तो वेदी पुरती झाकून टाकी, कारण पोटाबरोबर डोळ्यांनाही उपास घडावा असा हेतू होता. पुढे त्याच कापडावर बायबलमधील प्रसंग रंगवू लागले. पोलंड आणि चेक सीमेलगतच्या त्सिटाऊ गावी असा १४७२ सालचा पडदा आहे, आठ मीटरहून उंच, त्यावर सृष्टीच्या निर्मितीपासून शेवटच्या न्यायापर्यंत ९० चित्रे. गाव लूथरपंथी झाल्यावरही तो १६७२ पर्यंत टांगला जात होता. १९४५ मध्ये सोव्हिएत सैनिकांनी त्याचे तुकडे करून वाफेच्या स्नानगृहाला लावले. आता तो जोडून जपून ठेवला आहे, पण गेलेले रंग काही परत आलेले नाहीत. आणि बाबा, मिझेरिओर या कॅथलिक संस्थेने १९७६ मध्ये ही प्रथा नव्याने सुरू केली, तेव्हा पहिला पडदा आपल्या देशातल्या ज्योती साही यांनी रंगवला होता.

देवालाच झाकायचे, हा कसला उपास, असे मला आधी वाटले. पडद्यासमोर बसू लागल्यावर कळले की झाकले जाते ते आपले पाहणे, त्याचे नव्हे. रंगपंचमी बहुधा लेंटमध्येच येते, आणि राजवाड्यावरची गेर, ती रंगांची मिरवणूक, पाहून आम्ही रंगून घरी आलो की आई म्हणायची, ‘देव बघतो आहे.’ तो बघणारा मला फार वर्षे वहीत चुका टिपणाऱ्या मास्तरासारखा वाटत आला. (आईला दोष देत नाही, तिलाही तिच्या आईने हेच सांगितले असणार.) लूकच्या शुभवर्तमानात शिष्य पेत्राने प्रभूला तीनदा नाकारले, आणि कोंबडा आरवताच प्रभूने वळून त्याच्याकडे पाहिले आणि पेत्र बाहेर जाऊन रडला. ती नजर मी ठपक्याचीच समजत होते. पण त्याच रात्री जेवताना प्रभूने त्याला आधीच सांगितले होते की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी प्रार्थना केली आहे. ज्याने पडण्याआधीच आपल्यासाठी प्रार्थना केली, तो ठपका ठेवायला कशाला वळेल?

मी माझ्याकडे पाहते तेव्हा मला आईबापांना मागे ठेवून पैसे पाठवणारी मुलगी दिसते, आणि गल्लीतल्या बायकांना जर्मनीची नोकरी दिसते. त्याला काय दिसते ते मी सांगू शकत नाही, पण पाळकांनी कपाळावर राख लावून ‘तू माती आहेस’ म्हटले तेव्हा मला हलके वाटले, हे खरे. यावरून मी उदास आहे असे आईने कृपया समजू नये. मी चांगली झोपते.

ईस्टरला येणे जमणार नाही. सुट्टी आधी लेकुरवाळ्यांना मिळते, आणि ते मला अयोग्यही वाटत नाही. बाबांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचे पैसे दादाच्या खात्यात पाठवले आहेत. ते गच्चीच्या गळतीवर खर्च करू नयेत, गच्चीचे वेगळे पाठवीन. त्या वेळी तुमच्याजवळ मी असायला हवी होते, हे मला कळते, म्हणून डोळ्यांत थेंब घालण्याच्या वेळा वहिनीला मीच लिहून पाठवते. नागपूरच्या स्थळाबद्दल मावशीला एवढेच कळवा की पहिल्याच निरोपात ज्यांनी माझा पगार विचारला, त्यांना घाई नसेल तर डिसेंबरात मी आल्यावर बोलू. घाई असेल तर त्यांनी दुसरीकडे पाहावे. हे मात्र मावशीने तिच्या गोड भाषेत सांगावे. धाकटीची फी या आठवड्यात जमा होईल, पावती तिनेच मला पाठवावी.

तुमची,
मधली